न धुतलेला लगदा

सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीकाठच्या केळीबागांमध्ये आमची शेड होती. घड कापला की केळीचं खोड बांधावर टाकून देतात. ती खोडं आणायची, चरकातून पिळायची, तुकडे करून द्रावणात शिजवायची आणि कागदासाठी लगदा काढायचा, हे आमचं काम. प्रकल्प एका प्राध्यापकांचा, शेड माझ्याकडे.

द्रावण काय आहे ते सर पाहुण्यांना फार छान सांगत. कोंबडीखाद्यात घालतात ती एक पावडर आणि शेतात टाकतो तो युरिया. दोन्ही कोरडे, पण एकत्र तापवले की पातळ होतात आणि खोडातला चिवट भाग सोडवून घेतात. कॉस्टिक सोडा नाही, ओढ्यात काळं पाणी नाही. हरित द्रावक. शेवटी सर त्यात बोट बुडवून जिभेला लावत आणि म्हणत, "गुरांच्या खाद्यातलंच आहे हे."

शेडमध्ये लगदा धुणाऱ्या बाई हे दर वेळी ऐकत. त्यांच्या नवऱ्याला कमरेच्या दुखण्यामुळे काम होत नव्हतं. घरी नुकतीच व्यालेली एक म्हैस होती आणि तिच्या दुधावर चूल पेटत होती. उन्हाळ्यात चारा संपला की आमच्याकडे केळीचं खोड चिरून गुरांना घालतात. बाईही घालत.

त्या दिवशी वीज गेली, मोटार बंद पडली आणि लगदा न धुताच टपात राहिला. बाई घरी जाताना त्यातला एक घमेलं भरून घेऊन गेल्या. थोड्या वेळाने त्या धावत परत आल्या.

"ताई, म्हैस थरथर करी ऱ्हायनी. पोट फुगी गयं."

काय घातलं, विचारलं.

"टपमधलं. केळीनंच शे ना ते?"

अशा वेळी माझं डोकं यादी करतं. डॉक्टर, औषध, पाणी, माणसं. गुरांचे डॉक्टर लांबच्या शिबिरात होते. फोनवर युरिया म्हटल्याबरोबर त्यांनी पुढचं ऐकलंच नाही. व्हिनेगर आणि भरपूर थंड पाणी पाजा, मी निघतो, म्हणाले. व्हिनेगर गावात कुठून मिळणार? शेडमध्ये व्हिनेगरमधलंच ॲसेटिक ॲसिड होतं, ते पाण्यात पातळ केलं. रसवंतीवरून बर्फ घेतला. बाईंच्या घरी पोहोचलो तेव्हा म्हैस आडवी झाली होती, तोंडाला फेस होता. चौघांनी मान उचलून धरली, मी बाटलीने पाजत गेले. निम्मं बाहेर आलं.

मध्येच सरांचा फोन आला, शेडवरून कोणीतरी कळवलं होतं. ओल्या चाऱ्याने फुगली म्हणा, म्हणाले, वरून पाहणी यायची आहे. मी फोन ठेवला आणि पुढची बाटली भरली.

डॉक्टर येण्याआधी म्हैस गेली. त्यांनी विचारलं तेव्हा मी पुन्हा युरियाच सांगितलं.

गोठ्याबाहेर गर्दी जमली होती. शेजारचा एक जण म्हणाला, "फुकटना चारा महाग पडना." बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, "मी तिले ईख दिधं का, ताई?"

विष नाही, मी म्हणाले. मग समजावू लागले. युरियाचा पोटात अमोनिया होतो, तो रक्तात जातो, लगदा धुतला असता तर युरिया वाहून गेला असता. सगळं बरोबर होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सर तं चाटतस ना," त्या म्हणाल्या.

ट्रॅक्टर आला. म्हशीच्या पायांना दोर बांधेपर्यंत पारडू तिच्या कासेला ढुशा देत होतं. बाईंनी त्याला दोनदा ओढून बाजूला केलं, दोन्ही वेळा ते परत गेलं. तिसऱ्यांदा त्यांनी त्याचं दावं माझ्या हातात दिलं आणि त्या घरात गेल्या. ट्रॅक्टर सुरू झाला तसं ते जोरात ओढू लागलं. मी दावं हाताला गुंडाळून उभी राहिले.