ओटीतली बाग

अमरावतीच्या त्या बागेत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला काळ्या दगडाचा एक मोठा फलक लागतो. साहेब दौऱ्यावर गेले की गळ्यात हार घालू देत नसत, ‘हार नको, तुमच्या अंगणातलं एक रोप द्या’ असं म्हणत आणि ती रोपं गाडीत घालून आणून स्वतःच्या हातानं इथं लावत, अशी ही बाग उभी राहिली, असं त्यावर कोरलेलं आहे. लोक त्याच्यापुढं उभे राहून फोटो काढतात. आमच्या अकोल्यातल्या कितीतरी शाळांत आता पाहुण्याला हाराऐवजी रोप देतात आणि देताना ही गोष्ट सांगतात.

ही गोष्ट मी रचलेली आहे. साहेब असं कधी म्हणाले नव्हते. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण यात त्यांची काही चूक नाही. जुन्या काळातले मोठे मुत्सद्दी होते, त्यांच्या शब्दाला पार दिल्लीपर्यंत वजन होतं, आणि त्यांनी वऱ्हाडासाठी जे केलं ते पुस्तकांत आहेच. बाग मात्र त्यांची नव्हती.

मी अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचो. दर हिवाळ्यात सातवीची सहल अमरावतीला जायची. साहेबांचा बंगला, बाग, मग मोझरीचा आश्रम आणि परत, असा ठरलेला रस्ता. साहेब आणि त्यांच्या पत्नी, बाईसाहेब, तेव्हा हयात नव्हते. बंगल्यात त्यांच्या कन्या एकट्याच राहत. सगळं गाव त्यांना ताई म्हणायचं, आम्हीही ताईच म्हणायला लागलो.

पहिल्या सहलीला ताईंनी स्वतः बाग दाखवली. त्या पुढं आणि आमची पोरं मागं. एकेका झाडापाशी थांबून माणसाची ओळख करून द्यावी तशी त्या झाडाची ओळख करून देत होत्या.

“हा चाफा तेल्हाऱ्याचा. हे डाळिंब दर्यापूरचं. आन् ही जाई मूर्तिजापूरच्या एका वकिलीणबाईनं दिली. बाई मोठी ताठ होती म्हणे. जाई पाहा, कशी लवून राहिली.”

मी म्हणालो, “साहेबांना एवढा झाडांचा नाद होता, हे कुठं वाचनात आलं नाही.”

ताई मोठ्यानं हसल्या. “बाबाले? बाबाले तुळस आन् सब्जा सारखाच. हे सगळं आईचं हाये.”

मग त्यांनी सांगितलं. साहेब दौऱ्यावर निघाले की पुष्कळदा बाईसाहेबही बरोबर जात. साहेब सभेत बोलत तेव्हा बाईसाहेब गावातल्या एखाद्या घरी बायकांमध्ये बसत. निघायच्या वेळी बायका त्यांची ओटी भरत. तांदूळ, खण, नारळ. बाईसाहेब पदर पसरत आणि म्हणत, “नारळ राहू द्या बाई, घरी ढीग लागला. तुमच्या अंगणातली एक फांदी टाका ओटीत.” आधी बायका लाजत. झाड तोडून ओटीत कसं घालायचं? मग कोणीतरी उठून परसात जाई आणि चाफ्याची नाहीतर डाळिंबाची फांदी घेऊन येई. ती ओल्या फडक्यात गुंडाळून बाईसाहेब मांडीवर धरून बसत. लहानगी ताई त्यांच्या शेजारी, तिच्याही मांडीवर एखादी फांदी.

“बाबा पुढच्या सीटवरून वैतागत,” ताई म्हणाल्या. “‘ही मोटार हाये का बैलबंडी?’ म्हणत. माती सांडली की आईवर डाफरत. आई पदरानं माती पुसून टाके, आन् पुढच्या गावी पुन्हा फांदी मागे.”

त्या दिवशी मी हे ऐकलं. नीट ऐकलं असं मात्र आज म्हणवत नाही. ताई तासभर बोलत होत्या. झाड कुठल्या गावचं, कोणत्या बाईनं दिलं, ती काय म्हणाली, हे सगळं त्यांना पाठ होतं. मी मान हलवत होतो आणि पोरांच्या रांगेकडं लक्ष ठेवत होतो.

नंतर लिंबाच्या सावलीत पोरांना बसवलं. सहलीत प्रत्येक ठिकाणचा बोध मुलांना सांगायचाच, असा आमच्या मुख्याध्यापकांचा दंडक होता. मी ताईंनी सांगितलेलं सांगायला लागलो. ‘ओटी’ हा शब्द आला आणि मागच्या रांगेतली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसून फिदीफिदी हसायला लागली. मुख्याध्यापक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “गुरुजी, साहेबांचं सांगा न, साहेबांचं. हळदीकुंकवाचं काय घेऊन बसले?”

आणि मी साहेबांचं सांगितलं. ओटीच्या जागी हार आला, नारळाच्या जागी सत्कार आला, बाईसाहेबांच्या जागी साहेब आले. ‘हार नको, रोप द्या’ हे वाक्य बोलता बोलताच सुचलं. इतकं नेमकं बसलं की माझं मलाच कौतुक वाटलं. पोरं गप्प झाली. एक मुलगी म्हणाली, “खरंच सर?” मी म्हटलं, “मग काय! एवढी बाग दिसते न समोर?”

एवढ्यावर राहिलं असतं तर कदाचित विसरूनही गेलो असतो. पण त्या वर्षी जिल्ह्याची वक्तृत्व स्पर्धा होती. आमच्याकडं भाषण मुलानं करायचं आणि लिहायचं मास्तरनं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी साहेबांवर भाषण लिहिलं, त्याचा शेवट या गोष्टीनं केला, आणि आमच्या शाळेच्या मुलीचा पहिला नंबर आला. बक्षीस द्यायला ताईंनाच बोलावलं होतं. त्या पहिल्या रांगेत बसून भाषण ऐकत होत्या. शेवटाला टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईंनीही वाजवल्या, दोन बोटांनी तळव्यावर, हळू.

चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या. “सर, आईचं सगळं बाबाच्या नावावर चढवलं वाटते?”

त्या हसून बोलल्या, म्हणून मीही हसलो. “पोरायले तसं लवकर पटते ताई. पुढच्या वर्षी दुरुस्त करतो.”

“करा बरं,” त्या म्हणाल्या. “तिचं दुसरं काहीच नाही कुठं.”

पुढच्या वर्षी मी दुरुस्त केलं नाही. तोवर अकोट, तेल्हारा, बाळापूरच्या मास्तरांनी ते भाषण उतरवून नेलं होतं. समारंभांत मला बोलावू लागले. ‘रोपवाले सर’ अशी माझी ओळख झाली. खोटं सांगू नये म्हणून आयुष्यभर पोरांचे कान उपटणारा मी, आणि मला जो काही मान मिळाला तो या एका खोट्यावर. दुरुस्ती करायची तर सगळ्यांसमोर उभं राहून ‘मी रचलं’ म्हणावं लागलं असतं. दर हिवाळ्यात वाटायचं, या सहलीला सांगू. दर हिवाळ्यात पोरं त्याच गोष्टीची वाट पाहत बसलेली असायची.

ताई पुन्हा एका शब्दानं बोलल्या नाहीत. सहल आली की पोरांना सरबत द्यायच्या, बागेत नेऊन सोडायच्या. पण कोणतं झाड कुठून आलं हे त्या सांगेनाशा झाल्या. एखाद्या पोरानं विचारलंच तर म्हणायच्या, “सर सांगतील.” आणि सर सांगायचे. मी निवृत्त झालो तसं तिकडं जाणं सुटलं.

मधल्या काळात बागेचा एक ट्रस्ट झाला. त्याचे सचिव माझेच जुने विद्यार्थी, आता तेही पन्नाशीच्या पुढं. बागेची डागडुजी करून ती लोकांसाठी उघडायचं ठरलं तेव्हा त्यांनी फलकाचा मजकूर माझ्या मोबाइलवर पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘सर, तुमचीच गोष्ट आहे, एकदा नजर टाका.’

मी मजकूर दोनदा वाचला. बोललेलं हवेत जातं, दगडावरचं जात नाही. मी त्यांना फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

ते आधी हसले. मग म्हणाले, “सर, मस्करी नका करू. आमाले तर तुमीच शिकवलं.”

“म्हणूनच सांगून राहिलो.”

“पण सर, तुमच्या एकट्याच्या सांगण्यावर कसं बदलू? जन्मभर तुमी उलटं सांगत आले. मीटिंगमध्ये मले विचारतील, पुरावा काय? ताई हायेत अजून. ताई म्हणतील तर मी आजच बदलतो. दगडवाला थांबला हाये.”

मला ते अगदी रास्त वाटलं. उलट सुटल्यासारखं झालं. ताईंनी एक शब्द म्हटला की झालं. दुसऱ्याच दिवशी मी एसटीनं अमरावतीला गेलो आणि आम्ही दोघं मिळून बंगल्यावर गेलो.

ताई व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या, पण केस नीट विंचरलेले, लुगडं स्वच्छ. मला त्यांनी लगेच ओळखलं. “या रोपवाले सर! किती म्हातारे झाले हो तुमी. मी पाहा, तशीच हाये.”

आम्ही हसलो. सचिवांनी विषय काढला. “ताई, बागेचा फलक लावतो आहोत. बाग कशी झाली ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

ताई सावरून बसल्या आणि सांगू लागल्या. “बाबा हार घालू देत नसत. म्हणत, हार नको, रोप द्या. मी लहान होती, गाडीत त्यांच्या जवळ बसे. रोप माझ्या मांडीवर देत, म्हणत, सांभाळ बरं...”

माझी वाक्यं होती ती. ‘सांभाळ बरं’ तेवढं ताईंचं होतं.

मी म्हटलं, “ताई, आणि आई?”

“आई घरीच राहे. तिले कुठं बाहेर जाणं आवडे?”

सचिवांनी माझ्याकडं पाहिलं.  ज्या बाईनं मला ‘करा बरं’ म्हटलं होतं तिच्याच डोक्यातून मी तिची आई पुसून टाकली होती. मुलं, पाहुणे, भाषणं, वर्तमानपत्रं, सगळे इतकी वर्षं तिच्या दारात येऊन तिला माझी गोष्ट ऐकवत राहिले. एकटीचं आठवणं त्यापुढं किती टिकणार?

मी म्हटलं, “चला ताई, बाग दाखवा. फार दिवस झाले.”

त्यांचा हात धरून आम्ही हळूहळू गेलो. चाफ्यापाशी मी थांबलो. “हा कुठला?”

“तेल्हाऱ्याचा,” त्या पटकन म्हणाल्या. “कापसाच्या जिनिंगवाल्याच्या सुनेनं टाकला ओटीत. चीक गळत होता. खणाले डाग पडला.”

“कोणाच्या ओटीत, ताई?”

“बाबा...” म्हणून त्या थांबल्या. मग स्वतःशीच हसल्या. “बाबाची कोण ओटी भरल?” हसू हळूहळू गेलं. त्या माझ्याकडं पाहत राहिल्या. “मग कोणाची भरली?”

“तुमच्या आईची. तुम्हीच सांगितलं होतं मला, याच झाडाखाली. मी साहेबांच्या नावावर केलं.”

“आई येत होती आमच्यासंगं?”

“हो ताई. मागच्या सीटवर, तुमच्या शेजारी बसत.”

त्यांनी चाफ्याच्या खोडाला हात टेकला. “काहून केलं असं?”

मी खरं ते सांगितलं. “पोरांना साहेबांचं आवडायचं. मग लोकांना आवडलं. मग मला आवडायला लागलं.”

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सचिव जवळ येऊन हळूच म्हणाले, “ताई, मग फलकावर आईसाहेबांचं लिहू का? तुमी म्हणा फक्त.”

ताईंनी डोळे मिटले. काही शोधत असाव्यात. मग म्हणाल्या, “सर म्हणतात तर तसंच असल. ओटी बाईचीच असते, मले समजते. पण गाडीत मले आई दिसत नाही हो. मी पाहून राहिली, बाबाच दिसतात. जे दिसत नाही ते दिसलं म्हणून कसं सांगू?”

खोटं न बोलणाऱ्या माणसाचं उत्तर होतं ते. सचिवांनी मान खाली घातली. आम्ही ताईंना खुर्चीपर्यंत पोचवलं. निघताना त्यांनी मला विचारलं, “ती कोणत्या बाजूनं बसे, सर?” मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

फलक आधीच्या मजकुरानिशी लागला. सचिवांनी बैठकीत माझं म्हणणं मांडलं, पण सर थकले आहेत, त्यांच्या वयात असा गोंधळ होतो, असंच सगळ्यांना वाटलं. उद्घाटनाला मी गेलो नाही.

म्हणून हे लिहून ठेवतो आहे. ती बाग बाईसाहेबांची आहे. वऱ्हाडातल्या बायकांनी आपापल्या अंगणातल्या फांद्या त्यांच्या ओटीत घातल्या आणि त्यांनी त्या जगवल्या. चाफा तेल्हाऱ्याच्या एका जिनिंगवाल्याच्या सुनेनं दिला. जाई मूर्तिजापूरच्या वकिलीणबाईंची. डाळिंब दर्यापूरचं, कोणी दिलं ते ताईंनी सांगितलं होतं, मी विसरलो. आंब्याखालची तगर अकोटची की अंजनगावची याबद्दल मला खात्री नाही. बाकीच्या झाडांबद्दल मला काहीच सांगता येत नाही.