टेपचं दुसरं टोक

मालकीणबाईंनी माझ्या हातातला मापाचा टेप घेतला आणि ओल्या फडक्यानं पुसला. दोनदा. मग तो साहेबांच्या हातात दिला.

त्याआधी त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. त्यांना जात कळली. आवाज मात्र तसाच गोड. "तुम्ही इथंच थांबा हं. वाट देवघरावरनं जाते."

साहेब म्हणाले, "चालतंय की."

सोलापुरात कॉलेजांच्या आसपास मुलींना भाड्यानं दिलेल्या खोल्यांची आमच्या पालिकेच्या ऑफिसकडून सुरक्षेसाठी नेहमीची पाहणी असते. मी तिथं ठेक्यावर, मापं घेणारी. टेपचं एक टोक साहेब धरतात, दुसरं मी. एकट्यानं खोली मोजता येत नाही, हे साहेबांना पक्कं ठाऊक. तरी मी बाहेर पायरीवर, उन्हात. साहेब आत सोफ्यावर. कपबशीचा आवाज बाहेर येत होता. खोलीकडं ते गेलेच नाहीत. बसल्या जागेवरनं सांगायला लागले, "लिही. दहा बाय दहा. खिडकी एक. बाहेर पडायला दोन वाटा."

मी लिहिलं. हो, लिहिलं. लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू? ते काही पहिलं घर नव्हतं. याआधी चार घरं मी अशीच पायरीवरनं मोजली होती. कॉलेजात असताना खोली शोधत फिरायचे, तेव्हाही आडनाव गिळून नुसतं बापाचं नाव सांगायचे. ती सवय अंगात मुरलेली. मान खाली, पेन चालू.

तेवढ्यात त्या खोलीत राहणारी एक मुलगी कॉलेजातनं परतली. सांगोल्याकडची, घरी मेंढरं. माझ्या हातातला फॉर्म तिनं वाकून वाचला.

"ताई, दोन वाटा? कुटं? एकच दार हाय की. खिडकी विटा लावून बंद केलीया, म्होरं कपाट. परवा हीटरची वायर जळली. धुरात कडी घावंना. लई भ्यालो आमी चौघी."

मी फॉर्म छातीशी धरला.

"तुमी खोली बघितलीच न्हाय व्हय?"

फॉर्मच्या तळाशी छापलेलं होतं, 'प्रत्यक्ष मापे घेतली'. त्याखाली माझ्या सहीची जागा. माझ्या सहीशिवाय तो कागद पुढं जात नाही. अपमान माझा झाला होता आणि त्याची शिक्षा मी या चौघींना लिहून देत होते. स्वतःचीच एवढी चीड मला कधी आली नव्हती.

मी चपला काढल्या आणि आत गेले. देवघरावरनंच गेले. सोफ्यावरचा टेप उचलला.

"अहो, अहो! साहेब, हिला सांगा ना काहीतरी!" आवाजातला गोडवा गेला.

"डोकं फिरलंय का तुझं? ठेका राहायचा नाही," साहेब म्हणाले.

टेपचं दुसरं टोक मी त्या मुलीच्या हातात दिलं. नऊ बाय सात. कपाटामागं हात घालून विटा चाचपल्या. जळलेल्या वायरचा काळा डाग भिंतीवर तसाच होता. आधीचं सगळं खोडलं आणि लिहिलं: खिडकी नाही. वाट एक. राहण्यास धोकादायक. एरवी मी नुसती आद्याक्षरं गिरवते. त्या दिवशी पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

साहेबांनी त्यावर सही केलेली नाही. "नवीन फॉर्म भर," रोज म्हणतात. तो माझ्या टेबलावर कोराच पडला आहे. ठेका जाईल. भीती वाटते, घर माझ्यावरच चालतं. पण जिथं मला आत घेणार नाहीत, तिथल्या कागदावर माझी सही मिळणार नाही.

आणि ती आधीची चार घरं. त्यांतल्या मुली माझ्या खोट्या सहीच्या भरवशावर आत झोपतात. पत्ते मी वहीत काढले आहेत. सोमवारी पहिल्या घराची बेल वाजवणार आहे. कुणी विचारायच्या आधी आडनाव सांगणार आहे, आणि मग आत जाणार आहे.