कानबाईची सव्वा मूठ

श्रावणात कानबाई बसायची, त्याआधी रोटांचे गहू काढायचे ते ताईबाईने. दोंडाईचाजवळच्या त्या गावात तिच्या हाताला सगळी भावकी मानायची. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं, त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे, थोरल्यापासून पाळण्यातल्यापर्यंत. त्याच पिठाचे देवीच्या नैवेद्याचे जाड रोट. एरवी जेठाचं, म्हणजे थोरल्या दिराचं, नाव तोंडातून न काढणारी ताईबाई त्या दिवशी मात्र आधी ‘रुपचंद’ म्हणायची. गहू एकदा दळले की मागाहून मूठ घालता येत नाही. आणि नाव गाळायचं ते फक्त मेलेल्याचं. सासरे गेले त्या वर्षी तिने त्यांचं गाळलं होतं, तेव्हा हात सुपावर नुसताच थांबला होता.

यंदा रुपचंदनानांनी ओट्यावरून फर्मान काढलं, “ललितनं नाव औंदा लेवानं नही.”

ललित ताईबाईचा एकुलता एक. सावद्याला केळीच्या वखारीत कामाला. गेल्या वर्षी सुट्टी मिळाली नाही म्हणून तिने त्याच्यासाठी डब्यातून रोट पाठवला. त्याच्या खोलीत सातपुड्यातला रुपसिंग राहायचा, तापाने फणफणलेला, दोन दिवसांचा उपाशी. ललितने अर्धा रोट त्याला दिला. भाऊबंदांबाहेर रोट द्यायचा नाही हे त्याला माहीत होतं, पण समोर उपाशी माणूस बघून कोण शास्त्र काढत बसेल? पोरगं भोळं, फोनवर आईला सांगून मोकळं झालं, आणि ते नानांच्याही कानी गेलं. पुढच्याच महिन्यात नानांची बैलजोडी वीज पडून गेली आणि खापर फुटलं ललितच्या डोक्यावर.

“नाना, जित्ता शे ना तो!” ताईबाई पदर पसरून म्हणाली. तिचा नवरा झुलाल बाजूलाच उभा होता. तो खाली वाकून थोरल्या भावाच्या चपला नीट लावू लागला.

“एक नाव कमी लिधं तं काय आबाय पडी जात नही,” नाना म्हणाले आणि तंबाखू चोळायला लागले. दुसऱ्याच्या पोराचं नाव होतं ना, जड कशाला जाईल!

शनिवारी ताईबाई सुपापुढे बसली. बायका अजून यायच्या होत्या. तेवढ्यात तिने पहिलीच मूठ ललितची टाकली, देवीलाच काय ते ऐकू जाईल अशा आवाजात. दुसरी नानांची भरणार, तोच नानांची सून कोकिळा आत आली. ताईबाई दचकली. मूठ भरलेलीच होती, ती दरवर्षी दुसरी असते त्या सवयीने “झुलाल” म्हणत सुपात पडली. मग एकामागून एक नावं येत गेली, आणि दुपारपर्यंत पीठ झालं.

रविवारी कणीक मळताना ती सवयीने मनात नावं घोळवत होती. रुपचंद... आणि हात परातीत तसाच राहिला. त्या नावाची मूठ तिच्या हाताला आठवेना. पुन्हा पहिल्यापासून मोजलं, तरी आठवेना. घरातला थोरला माणूस तिने मेलेल्यांत बसवला होता.

सांगावं, तर ललितचं नाव घेतल्याचं बाहेर पडणार. न सांगावं, तर... संध्याकाळी नाना पाटावर बसून खिरीत रोट कुस्करून खात होते. “बेस व्हयना रोट,” अशी दोनदा रोटाची तारीफ केली. ताईबाईला आधी वाटलं, खा म्हणावं, माझ्या पोराला वगळत होतात ना! खरंच तसं वाटलं तिला. मग त्यांना ठसका लागला आणि पाण्याचा तांब्या घेऊन सगळ्यांच्या आधी तीच धावली.

सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला निघाली. डफ, गाणी, फुगड्या, सगळं गाव नदीवर लोटलं. धरणाचं पाणी सोडलेलं, नदी दोन्ही काठ धरून गढूळ वाहत होती. बायकांच्या डोक्यावरून देवीचा पाट नानांनी घेतला. पाण्यात देवी न्यायचा मान घरातल्या थोरल्याचा. काल ऊस वाहून आला होता तिथे आज लिंबाचं आख्खं झाड गरगरत गेलं. ललितची मूठ पडली होती, त्याला आता कसली भीती नव्हती. ताईबाई गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं.

नाना घोट्यापर्यंत गेले, मग गुडघ्यापर्यंत.

“नाना, थांबा!” ताईबाई गर्दी फोडत पुढे आली. “पुढे जाऊ नका! तुमनं नाव ऱ्हाई गयं!”

डफ थांबले. नाना वळले.

“मंग कोन्हं नाव लिधं?”

“ललितनं.”

तिला वाटलं, आता शिव्या येतील. पण नानांनी पाण्याकडे पाहिलं, काठावरच्या आपल्या नातवांकडे पाहिलं. आयुष्यात भावजयीपुढे कधी न वाकलेला तो माणूस लहान मुलासारखा म्हणाला, “ताई, मनी मूठ टाकी दे. आते टाकी दे.”

ताईबाईला त्यांची कीव आली. त्यांना बाहेर घ्यायला हात पुढे करून ती गुडघाभर पाण्यात उतरली.

“गहूनं पीठ व्हई गयं, नाना,” ती म्हणाली.