आईचा पाय आणि तीन फुगीर चाकं

आई अमेरिकेत माझ्याकडे चँडलरला आली ती व्हीलचेअरवरून. पायाला काही झालं नव्हतं. आईवडील पहिल्यांदा एकटे अमेरिकेला निघाले की आपल्याकडची मुलं तिकिटाबरोबर व्हीलचेअर बुक करतात. म्हणजे मग इंग्रजीशी झटापट नको, विमान बदलताना गेट शोधायला नको, ढकलणारा माणूस थेट नेऊन पोचवतो. मीही तेच केलं होतं. पण जिनं पुण्यात शाळेतली अख्खी नोकरी मोपेडवरून केली, मागे वह्यांचा गठ्ठा बांधून भर गर्दीतून वाट काढली, ती मांडीवर पर्स धरून मुकाट्यानं ढकलली जाताना पाहून मला कसंसंच झालं.

मला पाचवा महिना होता. बाबा जाऊन फार दिवस झाले नव्हते. बाळंतपणाला आईच हवी, हा माझा हट्ट. आणि चँडलर म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा गाडी काढायची जागा. नवरा आणि मी ऑफिसला गेलो की आई खिडकीशी. संध्याकाळी आम्ही तिला दुकानात न्यायचो, शनिवारी कोणाकडे तरी जेवायला न्यायचो, परत आणायचो. महिन्याभरात तिनं मला बजावलं, "मी इथं पार्सल झालेय गं. कोणीतरी उचलायचं, कोणीतरी ठेवायचं. माझं तिकीट अलीकडचं करून दे. बाळंतपणाला सासूबाई येतील की तुझ्या."

मी चिडले, मग रडले. तिचं ठरलं की ठरलं, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

त्याच सुमारास शेजारच्या अमेरिकन आजोबांचं गॅरेज उघडं दिसलं. आत एक विचित्र गाडी उभी होती. पुढे एक चाक, मागे दोन, तिन्ही टायर पुरीसारखे टम्म फुगलेले, वर एक लांबट सीट आणि हँडल. दार नाही, टप नाही. आई फिरता फिरता थबकली. "ही काय रिक्षा सोलून ठेवलीय?"

आजोबांना कोणी ऐकणारं हवंच होतं. मी मध्ये उभी राहून दोघांच्या बोलण्याचं भाषांतर करत होते. तरुणपणी ते उत्तरेकडे, बर्फाच्या मुलखात, मोटरसायकलच्या दुकानात होते. हिवाळ्यात तिकडे मोटरसायकलकडे कोण बघणार? दुकानदार माश्या मारत बसायचे. त्यांनी जपानी कंपनीकडे तगादा लावला, बर्फात विकता येईल असं काहीतरी द्या. आणि आलं ते हे. त्यात स्प्रिंग नव्हतेच. टायरमध्ये हवा इतकी कमी की तेच स्प्रिंगचं काम करायचे. बर्फ, वाळू, चिखल, कशातही रुतायची नाही. आधी लोक हसले. मग शेतकऱ्यांनी कुंपण बघायला नेली, शिकाऱ्यांनी रानात नेली, बघता बघता घरोघरी झाली. पुढे कंपन्यांनी तिचा वेग वाढवत नेला, माणसं उलटून जायबंदी व्हायला लागली आणि तीन चाकांची विक्री बंद पडून चार चाकी आल्या. आजोबांनी मात्र ही पहिल्या खेपेतली गाडी जिवापाड जपली होती. दोरी ओढली की एका झटक्यात सुरू.

मी स्वतः मेकॅनिकल इंजिनियर. गाडीत स्प्रिंग बसवायचे सोडून टायरच मऊ करायचा, हे ज्याला सुचलं त्याचं मला आजही कौतुक वाटतं.

आईनं एवढंच विचारलं, "मला चालवू देतील का?"

रविवारी आजोबांनी ट्रेलरवर गाडी चढवून आम्हाला गावाबाहेरच्या डेझर्टमध्ये नेलं. पंजाबी ड्रेस, स्पोर्ट्स शूज आणि डोक्यावर हेल्मेट, अशी आई सीटवर बसली. आजोबा सांगत होते की पाय कायम पायरीवर हवेत, अंग वळणाच्या बाजूला झुकवा. "सांग त्यांना, गाडी मला नवी नाही," असं म्हणत ती निघालीसुद्धा. मोठा गोल फेरा मारून आली. वेग कमी केला आणि थांबता थांबता, पुण्यात प्रत्येक सिग्नलला टेकवत आली तसा, डावा पाय खाली टेकवला.

मागचं चाक तिच्या टाचेवरून पोटरीवर चढलं. आई वाळूत आडवी.

आजोबांनी गाडी मागे ओढली. टायर मऊ म्हणून हाड वाचलं, नुसतं खरचटलं होतं. मी मात्र पोट सांभाळत ओरडत सुटले, "बास! आजच तुझं तिकीट चेंज करते. जा बाई पुण्याला, निदान धड तरी राहशील."

आई वाळूत बसून चाकाकडे बघत होती. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. "मोपेडवर पाय टेकला की माणूस वाचतो," ती म्हणाली, "आणि हिच्यावर टेकला की फसतो. तीन चाकं आहेत, ती पडणार कशाला? मीच तिला सावरायला गेले." मग उठली, ड्रेस झटकला. "मी परत बसतेय."

या वेळी थांबताना ती वर्गातल्या खणखणीत आवाजात स्वतःवरच ओरडली, "पाय वर!" पाय वरच राहिले. गाडी जागच्या जागी शांत उभी राहिली. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या फेरीला तेही "पाय वर!" ओरडायला लागले. तेवढंच मराठी ते शिकले, पण उच्चार अगदी स्वच्छ.

परतताना गाडीत तिनं तिकिटाचा विषय काढला नाही. मीही नाही. भीती वाटत होती, विचारलं आणि ती जाते म्हणाली तर? घरी आल्यावर पोटरीला हळद लावता लावता तीच म्हणाली, "पुढच्या रविवारी नेणार आहेत. आणि ते अलीकडच्या तिकिटाचं राहू दे."

मग दर रविवारी ती धुळीनं माखून, भुकेनं कासावीस होऊन यायची आणि दोन पोळ्या जास्त खायची. वसंतात मुलगी झाली, तेव्हा माझा हात आईच्याच हातात होता. किती आनंद झाला होता मला, आणि किती अभिमान वाटला होता तिचा!

पुण्याला परतताना तिच्या तिकिटावरची व्हीलचेअर कॅन्सल करायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. विमानतळावर एक तरुण ती घेऊन हजर झाला. आईनं तिच्याकडे पाहिलं. आपली जड बॅग उचलून सीटवर ठेवली, त्याला मानेनं "चल" म्हणाली आणि त्याच्या पुढे चालायला लागली.