तुर्काच्या भट्टीतली होडी

जवळ ये बघू. कागदातून कसं जवळ यायचं ते मला विचारू नकोस. पाय वर घेऊन बस, तो मोबाईल पालथा ठेव, म्हणजे तू आलीस असं मी समजते. आधी रागावून घेते, मग सांगते. परवा केवढ्या ऐटीत म्हणालीस, "आजी, आम्ही तुर्की हॉटेलात जेवलो. तुला नाही कळायचं." का गं बाई? मला का नाही कळायचं? आपल्या घरातली तुर्की जेवण जेवणारी पहिली बाई तू नव्हेस. दुसरीपण नव्हेस. पहिली माझ्या सासूबाई, आणि दुसरी मी.

तुझं पुण्यातलं हॉटेल चकचकीत असेल. आमचं साताऱ्यात मोटारस्टँडाजवळ होतं, पत्र्याचं. पुढं दोन बाकडी आणि मागं परसात भट्टी. सगळे त्याला तुर्काचं हॉटेल म्हणत, पण मालक होता कोरेगावाकडच्या शेतकऱ्याचा पोरगा. पहिल्या मोठ्या लढाईत फौजेतून बसऱ्याला गेला, तिथं तुर्कांनी धरला आणि त्यांच्या मुलखात एका पाववाल्याच्या भट्टीवर राबायला लावला. सुटून आला तेव्हा ती विद्या घेऊनच आला. पांढरी माती, भुसा आणि गुळाचं पाणी कालवून त्यानं तसलीच घुमटासारखी भट्टी परसात बांधली. लोक तोंडावर "ए तुर्का" म्हणायचे, आणि तो खुशाल "ओ" द्यायचा.

त्या भट्टीत तो पावाची होडी भाजायचा. वीतभर लांब, दोन्ही टोकांना चिमटा काढलेली, मधल्या खळग्यात कांदा-मेथी नाहीतर खिमा, कडेनं तीळ. तिचं तिकडचं नाव तो सांगायचा, पण आमच्या जिभेवर ते बसेना, म्हणून आम्ही होडीच म्हणायचो. गहू मिळायची मारामार, म्हणून जोंधळ्याचं पीठही मिसळायचा. पण काय वास सुटायचा! अजून कधी दुपारी डोळा लागतो तेव्हा येतो बघ तो वास, आणि जाग आली की कुठं जातो कळत नाही.

तर दुसरी मोठी लढाई चालू होती आणि तुझे आजोबा लामावर होते. लढाईच्या आघाडीला आमच्याकडं लाम म्हणायचे. ते परत आले हे तुला ठाऊक आहे, नाहीतर तू कुठून आली असतीस? तेव्हा त्यांची काळजी तू करू नकोस. मी सांगतेय ती काळजी त्यांच्या आईची.

माझ्या लग्नाला दीड वर्ष झालेलं. सासरे आधीच गेलेले, जमीन वाट्यानं दिलेली, घरात आम्ही दोघीच. दिवाळीनंतर ह्यांची पत्रं यायची थांबली. महिना गेला, दुसरा गेला. गावात बाया नवस बोलत. कुणी साखर सोडी, कुणी पायताण. माझ्या सासूबाईंनी चूलच सोडली. देवीच्या पुढ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "लेकाचं पत्र हातात पडस्तवर चुलीवरचं काय बी तोंडात घालनार न्हाई."

आणि बाई शब्दाच्या इतक्या पक्क्या, की दूधसुद्धा निरसं प्यायच्या. भिजवलेले हरभरे, केळं, उन्हात वाळलेल्या शेंगा. माझ्यासाठी मात्र रोज दोन्ही वेळा भाकरी थापायच्या, आणि मी जेवत असताना समोर बसून बघायच्या. शिमग्यापर्यंत त्यांच्या चोळीच्या बाह्या अशा ढिल्या झाल्या, की आत दुसरा हात मावला असता. पाण्याची घागर उचलताना भिंतीला टेकायला लागल्या. मला दिसत होतं गं, पत्राच्या आधी ह्याच जाणार. पण सुनेनं सांगावं कसं?

एक दिवस त्या हट्टानं मला बरोबर घेऊन गावाहून साताऱ्याला चालत गेल्या, फौजेच्या कचेरीत खबर काढायला. कारकुनानं रजिस्टर चाळलं आणि म्हणाला, "खबर नाही. म्हणजे बरंच आहे असं धरा." परत फिरलो, आणि मोटारस्टँडाजवळ सासूबाई माझ्या अंगावर कलल्या. मी त्यांना पहिल्या दिसलेल्या पायरीवर बसवलं. ती तुर्काच्या हॉटेलाची पायरी.

तो पाणी घेऊन बाहेर आला. कोपरापर्यंत पीठ. बायामाणसं तेव्हा हॉटेलात बसत नसत, म्हणून त्यानं आम्हाला बाजूच्या बोळातून परसात नेलं. तिथं अंजिराचं झाड होतं, खाली खाट.

"आक्का, कायतरी खावा. प्वाट पाठीला लागलंय."

"नवस हाय, दादा."

"कसला?"

त्यांनी सांगितला. तो बोटांचं पीठ चोळत राहिला.

"माज्या आईनं बी असंच केलं हुतं," तो म्हणाला. "मी तिकडं तुर्काच्या ताब्यात, आन ती हितं जेवान सोडून बसली. मी आलो तर घराला कडी. शेजारीन म्हनली, तुजी वाट बघून बघून गेली. आता तुमीच सांगा, मी हाक कुनाला मारायची?"

सासूबाई म्हणाल्या, "तुमी तुमच्या भट्टीकडं बघा, दादा. करपंल काईतरी."

त्यानं खरंच भट्टीकडं बघितलं. मीही बघितलं. आणि माझ्या डोक्यात ते आलं. सासूच्या देखत परपुरुषाशी मी जन्मात बोलले नव्हते. पदर दातात धरला आणि जमिनीकडं बघून विचारलं, "दादा, हिला चूल म्हनायची का?"

सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं आता संपलं. पण गडी हुशार. त्यानं कपाळाला पिठाचा हात मारला. "चूल? हिला चूल म्हनलं तर तुर्क मला परत धरून न्हेतील!"

सासूबाई उठल्या. म्हैस विकत घ्यायच्या आधी फिरतात तशा भट्टीभोवती फिरल्या.

"वैल कुठं हाय?" चुलीच्या शेजारचं ते छोटं तोंड, ज्यावर आपण दुसरं भांडं ठेवतो, ते वैल.

"न्हाई."

"वर भांडं कुठं ठिवतासा?"

"जागाच न्हाई. सरपन आत जाळायचं, इस्तू कडंला सारायचा, आन तापल्या भुईवर भाजायचं. होडी आत जाती तवा जाळ इझलेला असतो, आक्का."

त्यांनी भट्टीच्या गरम पाठीवर तळवा ठेवला. किती वेळ ठेवला कोण जाणे. अंजिराची पानं हलत होती, त्यांच्या पांढऱ्या केसांवर सावलीचे पंजे पडत होते आणि उठत होते. मी मनात म्हणत होते, म्हणा, म्हणा एकदा.

"चूल न्हवं ही," त्या म्हणाल्या.

त्यानं लाकडी फावड्यानं मेथीची होडी काढली आणि पितळीत ठेवली. चहाही आणला, बिनदुधाचा, लालभडक. सासूबाईंनी विचारलं, "ह्यो कशावर उकळला?"

"शेगडीवर."

"शेगडी म्हंजी चुलीची धाकटी भन. ऱ्हाऊ दे."

तो बिचारा किटली घेऊन गेला आणि भट्टीत सारून आला.

सासूबाईंनी होडीचं टोक मोडलं. वाफ निघाली. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडात गरम काही गेलं. त्या डोळे मिटून चावत राहिल्या, आणि मी माझी होडी हातात धरून बघत राहिले. समोर अजिंक्यतारा उन्हात धुरकट झालेला, स्टँडावर पेट्रोलच्या टंचाईतली कोळशाच्या गॅसची मोटार धापा टाकत होती, तो आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा. मी समुद्र पाहिलेला नव्हता. माझा समुद्र म्हणजे माहुलीचा संगम. त्या संगमात तिळाच्या काठाच्या होड्या एकामागून एक चालल्यात आणि एकीत हे बसलेत, असं मला जागेपणी दिसलं. बोलले नाही कुणाला. आज तुला सांगितलं.

मग दर बाजारच्या दिवशी आम्ही जायचो. त्या खाटेवर बसून खायचो, आणि चार होड्या फडक्यात बांधून आणायचो. घरी त्या गरम कशा करायच्या? चूल तर त्यांना वर्ज्य. म्हणून अंगणातल्या काळ्या दगडावर उन्हात मांडायच्या. दुपारी ऊन लागून त्यांना पुन्हा वास सुटायचा आणि सासूबाई शेजारी बसून कावळे हाकायच्या. चोळीच्या बाह्या हळूहळू भरल्या.

पण पत्र येईना गं. आणि माझ्या मनात किडा शिरला. देवीला फसवायची युक्ती माझी. ह्यांना काही झालं, तर ते माझ्यामुळं. एका दुपारी त्या दगडापाशी मला रडू फुटलं आणि सगळं बोलून गेले. सासूबाईंनी कावळ्याला खडा मारला आणि म्हणाल्या, "खुळी का काय! मी देवीला जाऊन सांगून आली. म्हनलं, आये, भट्टी बी सोडायची असती तर तुजी तू आदी बोलायची हुतीस. मी चूल म्हनली, तू आईकलंस. आता शब्द फिरवू नगंस."

"आन देवी काय म्हनली?"

"काय म्हनती? फूल पडलं न्हाई, पर डोळं बी वटारलं न्हाईत."

पत्र आलं पुढच्या हुरड्याच्या दिवसांत. शाळेतल्या मास्तरांनी ओट्यावर बसून वाचलं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, ते मी नंतर माझं मी शिकले. आत कितीतरी ओळी फौजेतल्यांनी काळ्या शाईनं खोडलेल्या. उरलं होतं ते एवढंच, की काविळीनं इस्पितळात होतो, आता चांगला आहे, आणि आई वेळेवर जेवते का ते कळवा.

मास्तर गेले. सासूबाई मधल्या घरात गेल्या आणि स्वतःसाठी म्हणून पहिल्यांदा पीठ मळायला घेतलं. भाकरी टम्म फुगली. तव्यावर पिठलं. मला वाटलं, आता बसतील जेवायला. त्यांनी एक घास मोडून खाल्ला, आणि बाकीच्या भाकरी फडक्यात बांधायला लागल्या.

"हे काय, आत्याबाई?"

"चल साताऱ्याला. त्येला कोन सांगंल?"

आम्ही पोचलो तेव्हा तुर्क भट्टीत वाकलेला होता. सासूबाईंनी खाटेवर फडकं सोडलं. "पत्र आलं. हे चुलीवरचं हाय. बस, जेव."

तो म्हणाला, "आक्का, गिऱ्हाईक हाय फुडं."

"असू दे. बस म्हनली ना."

तो बसला. आमच्याकडं पाठ करून, अंजिराच्या बुंध्याकडं तोंड करून जेवला. एकदाही वळला नाही. सासूबाई जवळ उभ्या राहून "अजून घे, अर्दी घे" म्हणत राहिल्या, आणि भट्टीत त्या दिवशीच्या होड्या करपल्या. त्या कुणी काढल्याच नाहीत.

आजोबा लढाई संपल्यावर आले. पाणंदीतूनच त्यांनी "आये" म्हणून हाक मारली, आणि दारात त्यांची आई होती. ओ द्यायच्या ऐवजी म्हणाली, "एवढा उशीर?" माझ्याकडं बघायला मग बऱ्याच वेळानं त्यांना सवड झाली.

पुढं आम्ही सांगलीला आलो. हॉटेल कधी बंद झालं कळलं नाही. मागे साताऱ्याला गेले होते, तर ती जागाही ओळखता आली नाही. अंजीर शोधला, तोही नव्हता.

तर असं आहे. तुझ्या त्या हॉटेलातली होडी कशी होती? तीळ होते का कडेनं? फोनवर सांगू नकोस. बांधून घेऊन ये. गार झाली तरी चालेल, आपल्या गच्चीवर ऊन चांगलं पडतं. मी कावळे हाकत बसेन. आणि घाबरू नकोस, तू येईपर्यंत मी काहीही सोडलेलं नाही, चहासुद्धा नाही. पण माझ्या सासूची मी सून आहे, माझा भरवसा नाही. तेव्हा ये लवकर. येत्या रविवारीच ये.