दगडाचा कापूस

सुकदेवला जगातलं सगळं कळत असे. फक्त गप्प कधी बसायचं, तेवढं कळत नसे. सुरतेजवळ उधन्याच्या एका कापड कारखान्यात तो जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता, आणि मशीन बिघडली की फिटरच्या आधी त्याचं भाषण तिथे पोहोचायचं.

चौऱ्याहत्तर साली त्याने एका बंद गिरणीच्या कारकुनाचं जुनं क्वार्टर घेतलं. स्वयंपाकघरात साहेबी काळातल्या करड्या लाद्या होत्या, निम्म्या उखडलेल्या. त्याची बायको शोभाबाई भाकरी थापायला बसली की पाटाखालची लादी डुगडुगायची आणि फटींत पीठ जाऊन मुंग्या लागायच्या. तिला कोटा फरशी हवी होती. सुकदेवने घण आणला. म्हणाला, मजूर कशाला, मी काय मेलोय?

तेवढ्यात शोभाबाईचा भाऊ दगा आला. तो जवळच पांडेसऱ्यात एका कारखान्याच्या बॉयलरवर कामाला होता. दाराच्या तीन पायऱ्या चढून तो आधी खाली बसला, दम जागेवर आल्यावर बोलला. तुटकी लादी त्याने हातात घेतली. कडेला बारीक पांढरे तंतू निघाले होते.

"दाजी, हाऊ दगडना कापूस शे. साहेब लोके ॲस्बेस्टॉस म्हनतस. आमना बॉयलरना पाईपवर हाऊच गुंडाळेल राहस. कोरडं फोडू नका. भुक्का छातीमा बसस."

झालं! सुकदेवला एवढ्यातून एकच शब्द ऐकू आला, तो म्हणजे कापूस. खानदेशात चोपड्याकडे बापाच्या शेतात कापूस वेचत तो लहानाचा मोठा झालेला. कापसाबद्दल त्याला शिकवणारा अजून जन्मायचा होता. त्याने ते तंतू अंगठ्यांत धरून ताणले, धागा किती लांब आहे ते पाहिलं, नाकाशी नेले आणि फुंकर मारून उडवले. जिनिंगमधले व्यापारी गाठोडी पारखतात, अगदी तस्सं.

"मी कापूसमा वाढेल शे. कापूसनी कोनी मरस का?" त्याने मेहुण्याला विचारलं. दगा खोकत होता, त्यामुळे उत्तर मिळालं नाही, आणि सुकदेवने वाद जिंकला.

तरी खात्री म्हणून त्याने एक तुकडा कारखान्यात शेठला नेऊन दाखवला. शेठने खुर्ची मागे सरकवली, नाकाला रुमाल लावला आणि दुरूनच म्हणाला, "कंई न थाय, सुकदेव. बहार मूकी आव." काही होत नाही, बाहेर ठेवून ये! सुकदेव खूश होऊन घरी आला. शेठने रुमाल का धरला, असं शोभाबाईने विचारल्यावर तो म्हणाला, सर्दी असेल.

रविवारी त्याने घण उचलला. शोभाबाईला नवऱ्याच्या ज्ञानापेक्षा भावाच्या छातीतली घरघर जास्त खरी वाटत होती. पहिला घाव पडायच्या आत तिच्या हातून पाण्याचा हंडा निसटला. सुकदेव ओरडला. दुसऱ्या घावाला कळशी कलंडली. तिसऱ्या वेळी तिने निमित्तसुद्धा शोधलं नाही, सरळ बादली ओतली. तो शिव्या देत राहिला आणि ती ओतत राहिली. दुपारपर्यंत स्वयंपाकघरात घोटाभर चिखल झाला आणि लाद्या सगळ्या ओल्याच निघाल्या. भुक्का म्हणून उडाला नाही. तुकडे तिने ओल्या पोत्यांत भरले आणि त्याच्याकडूनच खड्डा खणवून पुरले.

फरशी बसल्यावर चार घरचे लोक जेवायला बोलावले. दगाही आला. सुकदेवने नव्या फरशीवर मांडी ठोकून सांगायला सुरुवात केली, "जुनी लादी कधीही ओली करूनच फोडायची. ही आपली रीत. लोकांना अक्कल नसते."

दगाला हसू आवरेना. हसता हसता त्याला खोकला लागला आणि तो थांबेना. घास हातात धरून सगळे त्याचा खोकला थांबायची वाट बघत बसले. बिडीचा खोकला आहे, असं त्याच्या कारखान्याच्या डॉक्टरने लिहून दिलं होतं. दगाने जन्मात बिडी ओढली नव्हती.

सुकदेव घाबरला. "पानी आन! पानी!" तो बायकोवर खेकसला.

शोभाबाईने भावाच्या ओठांना तांब्या लावला, त्याची पाठ चोळली. मग नवऱ्याकडे न बघताच ती म्हणाली, "तुमनी लादीवर मी पानी टाकं. मना भाऊना बॉयलरवर बारा वरीस कोनी टाकं नही."

सुकदेवने तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तसंच मिटलं.