अर्थ सांगा, मग ब्रश

माझे मोठे दीर पाट्या रंगवायचे. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षर असं काढायचे की वाचणाऱ्याने मान डोलवावी. तरुणपणी एका दवाखान्याच्या पुढच्या दाराला मागच्या दाराची इंग्रजी पाटी ठोकून आले होते: ‘नो एंट्री’, म्हणजे आत येऊ नये. तीन दिवस डॉक्टर माशा मारत बसले. तेव्हापासून भाऊजींचा नेमच झाला. गिऱ्हाइकाने पाटीसमोर उभं राहून शब्दाचा अर्थ मोठ्याने सांगायचा, मगच ब्रश रंगात बुडायचा.

एकदा गल्लीतला शिंपी आला. त्याच्या धाकट्या भावाने वेगळं होऊन समोरच दुकान टाकलं होतं आणि दोन महिने दोघांत बोलणं नव्हतं. थोरल्याला पाटीवर ‘फोरमोस्ट’ हवं होतं.

“अर्थ?”

“भारी शब्द आहे. तुम्ही काढा.”

“भारी तर जात्याचा दगडही असतो.”

भाऊजी शेजारी राहणाऱ्या शाळेतल्या बाईंकडे गेले. मी त्यांच्याच ओट्यावर भाजी निवडत होते. बाई म्हणाल्या, “सगळ्यांत पुढचा, असा अर्थ. फार जुन्या इंग्रजीत ‘फोर्मा’ म्हणजेच सगळ्यांत पहिला. पुढे लोक ते विसरले आणि त्याला आणखी एक ‘सगळ्यांत’ जोडून बसले. मग त्या शेपटात ‘मोस्ट’ ऐकू यायला लागलं, तेच रूढ झालं.”

“म्हणजे टोपीवर टोपी,” भाऊजी म्हणाले.

“पहिल्याची स्वतःबद्दल खात्री नसली की असंच होतं,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाटी गल्लीत स्टुलावर टेकवली. बाकी मजकूर झाला होता, त्या शब्दापुरत्या खडूच्या रेघा होत्या. भाऊजींनी शिंप्याला अर्थ सांगितला. “आता तुम्ही म्हणा.”

समोर धाकटा गळ्यात टेप घालून काजं करत होता. थोरल्याची नजर तिकडे गेली. ज्याला सुईत दोरा ओवायला आपणच शिकवलं, त्याच्या तोंडावर ‘सगळ्यांत पुढे मी’ म्हणायला जीभ रेटेना.

“मनात म्हटलं तर चालेल?”

“नाही.”

“मग राहू द्या तो शब्द.”

“जागा मोकळी दिसेल.”

समोरून आवाज आला, “कात्री काढा की तिथे. कापड कापावं तर दादानेच.”

थोरला वर न बघता म्हणाला, “तिकडून अक्कल शिकवू नकोस. इकडे येऊन कशी हवी ते दाखव.”

धाकटा काज अर्धवट टाकून गल्ली ओलांडून आला. भाऊजींनी ओल्या फडक्याने खडू पुसला आणि दोघा भावांना बाजूला सरकवलं. उजेड अडत होता.